आकाश ब्लर कर

झोप येत नाहीये. मी ॲनिमेशनसाठी बॅकग्राउंड रंगवते. सरांचा संध्याकाळचा मेसेज: 'बॅकग्राउंड मस्त. फक्त आकाश ब्लर करून टाक, कॅरेक्टर उठून दिसत नाहीये.' बस, एवढंच. रागावण्यासारखं त्यात काहीच नाही. तरी जेवण गेलं नाही. बाबांचा फोनही घेतला नाही, पण तो विषय वेगळा.

मला खरं म्हणजे निझो यामामोतोचा हेवा वाटतोय, जपानी ॲनिमेशनची बॅकग्राउंड रंगवणाऱ्याचा. 2006 च्या 'द गर्ल हू लेप्ट थ्रू टाइम'मधले त्याचे उन्हाळी ढग स्क्रीनवर लावून बसलेय. वरची कड कापल्यासारखी स्वच्छ, पोटाशी निळसर राखाडी, आणि मुलगी त्यांच्यापुढे एवढीशी. त्याला नाही कुणी सांगितलं ब्लर कर म्हणून! उलट चाहते त्या ढगांना 'निझोचे ढग' म्हणतात. ढगाला माणसाचं नाव! माझं नाव क्रेडिट्समध्ये येतं तेव्हा लोक चपला शोधत असतात.

पण तो नागासाकीकडच्या गोतो बेटांवर जन्मला. डोळ्यांपुढे समुद्र आणि त्यावर हे एवढं आभाळ. मी डोंबिवलीत वाढले. खिडकीतून दिसायची ती समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. टाकी मात्र मी फर्स्टक्लास रंगवते, गंजासकट.

पंचविशी गाठायच्या आतच 1978 च्या 'फ्यूचर बॉय कोनान' मालिकेचा आर्ट डायरेक्टर, म्हणजे सगळी बॅकग्राउंड त्याच्या हाताखाली. 1986 ला 'लापुटा', म्हणजे अख्खा सिनेमाच ढगांत. माझी पंचविशी कशात गेली ते लिहीत नाही.

आणि मग 1988, 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. त्याच माणसाच्या वाट्याला महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जळालेलं कोबे शहर आलं. राख, कोळसा झालेले वासे, पडक्या भिंती. तिथे ढग मिरवून चालणार नव्हतं. 'प्रिन्सेस मोनोनोके' या जंगलातल्या सिनेमात तर पाच आर्ट डायरेक्टर. कितीही पॉज करा, कुठलं झाड कुणाचं ते कळत नाही. म्हणजे ढगांवर नाव लागलेला माणूसही जंगलात चौघांबरोबर गुमान हरवून गेला. 2019 च्या 'वेदरिंग विथ यू'त देवळाच्या छतावरचं चित्र तेवढं त्याचं, ते बघताना प्रेक्षक मान वर करतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये गेला, सत्तर वर्षांचा होऊन.

हेवा अजून आहेच, जरा पातळ झालाय इतकंच.

ब्लर केलं. वीस टक्के. सर चाळीस म्हणतील, तिसावर मिटेल. डावीकडच्या ढगाला हात लावलेला नाही, तिथे कॅरेक्टर जातच नाही.