४२ अंशांवर लांबत गेलेली ई. कोलाय

"मॅडम, कल्चरमध्ये बुरशी शिरलीय वाटतं. टाकून देऊ?" विद्यार्थिनी फ्लास्क उचलून ऑटोक्लेव्हकडे निघालीच होती. म्हटलं, थांब, आधी मला बघू दे.

तिचा संशय अगदीच निराधार नव्हता. फ्लास्कमध्ये ई. कोलाय या जिवाणूचा एफटीएसझेड-८४ हा म्युटंट, म्हणजे एका जीनमध्ये बदल झालेला प्रकार होता. ३० अंशांना तो सुरळीत वाढतो, ४२ अंशांना मात्र त्याच्या वसाहती उगवत नाहीत. वसाहत नाही म्हणजे पेशी मरत असणार, असा तिचा हिशेब. पण ४२ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवल्यावरही ओडी, म्हणजे कल्चरच्या गढूळपणाचं माप, बदल नसलेल्या मूळ स्ट्रेनच्या जोडीने चढतच राहिला. मेलेलं कल्चर गढूळ कसं होईल? मग दुसरंच काहीतरी वाढतंय, असं तिला वाटलं.

मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन भिंगाखाली लांबच लांब धागे पसरले होते. काहींचं टोक शोधायला स्टेज सरकवावं लागत होतं. नेहमीची ई. कोलाय जेमतेम २ मायक्रोमीटर लांब. तिची सवय झालेल्या डोळ्यांना ही बुरशीच वाटणार. पण एकाही धाग्याला फांदी नव्हती, आणि जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत ई. कोलायचीच. बुरशीचा तंतू याहून कितीतरी जाड असतो. शेजारी मूळ स्ट्रेनची स्लाइड लावली. तीही ४२ अंशांवरचीच, आणि तिथे नेहमीचे आखूड दंडगोल.

एफटीएसझेड हे प्रथिन पेशीच्या मधोमध कड्यासारखं जमतं आणि त्याच जागी पेशी आवळत जाऊन दोन होतात. हे कडं १९९१ मध्ये बी आणि लटकेनहाउस यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं. प्रथिनात ३८३ अमिनो आम्लं आहेत. या म्युटंटमध्ये त्यांतलं फक्त १०५ वं बदललंय, ग्लायसिनच्या जागी सेरीन आलंय. त्यामुळे जीटीपी हा कडं बांधायला लागणारा छोटा रेणू धरून ठेवण्याची प्रथिनाची ताकद घटते. ३० अंशांवर तेवढ्यावरही भागतं. ४२ अंशांवर नेलं की मिनिटाभरात कडी विस्कटतात. माध्यमात मीठ असेल तर हा दोष बराचसा झाकला जातो, म्हणून या स्ट्रेनसाठी आम्ही एलबी हे जिवाणू वाढवायचं नेहमीचं माध्यम बिनमिठाचं वापरतो.

एक शंका मात्र मला फेडून घ्यायची होती. डीएनएला इजा झाली तरी ई. कोलाय अशीच लांबते. तेव्हा एसओएस प्रतिसाद, म्हणजे पेशीची दुरुस्तीची आणीबाणी यंत्रणा, जागी होते, सुलए नावाचं प्रथिन तयार होतं आणि ते एफटीएसझेडला कडं करू देत नाही. दुरुस्ती होईपर्यंत विभाजन थांबवायची ही पेशीची स्वतःचीच सोय आहे. म्हणून डीएनएला चिकटून निळा चमकणारा डीएपीआय रंग टाकून पाहिलं. धाग्यात निळे न्यूक्लिऑइड, म्हणजे डीएनएचे पुंजके, शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीने, जवळपास सारख्या अंतरावर बसले होते. डीएनएच्या प्रती वेळेवर निघत होत्या, एकमेकींपासून दूरही सरकत होत्या. फक्त मधली भिंत पडत नव्हती. विद्यार्थिनी आयपीसवरून डोळा काढेना. "म्हणजे ही आजारी नाहीच," ती म्हणाली. वाढणं आणि विभागणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचे जीन वेगळे आहेत, हे मी वर्गात अनेकदा सांगितलंय. त्या स्लाइडने ते जास्त चांगलं सांगितलं, असं मला मनापासून वाटतं.

मग अ‍ॅगरोजच्या पातळ थरावर थेंबभर कल्चर ठेवलं, तापमान ३० वर आणलं आणि टाइम-लॅप्स सुरू केला. कडी फार लवकर परत जुळतात हे वाचलेलं होतं. त्यानंतरचं आवळणं डोळ्यांनी बघायला वेळ द्यावा लागतो. एका लांब धाग्याच्या टोकाजवळ दोन्ही कडांना हलकी खाच पडली. ती खोल होत गेली, आणि नेहमीच्या लांबीची एक पेशी सुटी झाली. उरलेल्या धाग्यातही पुढे ठिकठिकाणी खाचा दिसू लागल्या.

तोवर तिचा पुढचा प्रश्न तयार होता: "पण मॅडम, ती लांबली तरी फुगली का नाही?" फार चांगला प्रश्न. लांबी वाढवताना रुंदी राखण्याचं काम एमआरईबी आणि पीबीपी२ या प्रथिनांच्या यंत्रणेकडे असतं, आणि ती शाबूत होती. मेसिलिनॅम हे औषध पीबीपी२ अडवतं, तेव्हा दंडगोल जाऊन गोल पेशी दिसतात. सेफॅलेक्सिन मुख्यतः पीबीपी३ अडवतं. ते विभाजनाच्या भिंतीचं प्रथिन, त्यामुळे तिथे पुन्हा धागेच. दोन्ही पेनिसिलिनच्याच गोतावळ्यातली औषधं, पण बिघडवतात वेगवेगळ्या गोष्टी.

आता तिला याच स्ट्रेनमधून मिन प्रथिनांचे जीन काढून टाकायचेत. मिनसी आणि मिनडी पेशीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे ये-जा करत तिथे कडं होऊ देत नाहीत. ती नसली की टोकालाच भिंत पडते आणि डीएनए नसलेल्या चिमुकल्या पेशी सुटतात. मिन नसलेला लांब धागा ३० अंशांवर परत आणला, तर तो आधी टोकाला तुटेल की न्यूक्लिऑइडच्या मधल्या फटींत, याची नोंद ती प्रत्येक धाग्यागणिक ठेवणार आहे. स्ट्रेन बांधायला घेतलीय.