आकड्यात दिसत नाही ती भाषा

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली क्वेचुआ भाषा मरतेय, असं माझ्या तोंडून निघालं. "क्वेचुआ? ती कुठे मरतेय? लाखो लोक बोलतात की!" जेवणाच्या सुट्टीत मित्र सहज म्हणाला आणि डबा आवरून उठला.

आकडा त्याचाच बरोबर. पेरूच्या २०१७च्या जनगणनेत क्वेचुआ मातृभाषा सांगणारे ३७ लाखांहून जास्त. तरी दिवसभर ते वाक्य टोचत राहिलं.

कारण क्वेचुआ एक भाषा नाहीच, अख्खं कुळ आहे. उत्तरेतल्या काहामार्काची क्वेचुआच घ्या. १५३२ मध्ये स्पॅनिश आक्रमक पिझारोने इंका सम्राट अतावाल्पाला पकडलं, ते हेच काहामार्का. आज शहर स्पॅनिश बोलतं. जुनी भाषा उरलीय ती मुख्यतः चेतिया, पोर्कोनसारख्या आसपासच्या शेतकरी वस्त्यांत.

१९७५ मध्ये क्वेचुआ राजभाषा झाली. पुढच्याच वर्षी काहामार्काच्या क्वेचुआचं व्याकरण आणि शब्दकोशही निघाला. (सरकारं कागदावर चटपटीत असतात.) घरात मात्र आईबाप मुलांशी स्पॅनिशच बोलू लागले, शाळेत-बाजारात कुणी हिणवू नये म्हणून. त्यांना नावं तरी कशी ठेवायची?

तिकडे दक्षिणेत कुस्कोची क्वेचुआ टिकली, तर त्याने चेतियाच्या आजीला काय मिळणार? पुढच्या जनगणनेत एकूण आकडा कदाचित वाढेलही. त्यात चेतियाचे किती, हे विचारणार कोण?