पगार खात्यात आला, पण हातात येईना: वॉटरपार्कमधला माझा पहिला सीझन

२०२४ च्या मार्चमध्ये बारावीची परीक्षा संपली आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी, ८ एप्रिलला, मी महामार्गालगतच्या एका वॉटरपार्कमध्ये कामाला लागले. सीझनपुरती नोकरी, जूनच्या मध्यापर्यंत. काम कसं मिळालं ते सगळे विचारतात, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. आमच्या सफाळ्याच्या दोन मुली आदल्या वर्षी तिथे होत्या, त्यांनी नंबर दिला. ठेकेदाराच्या ऑफिसात दहा मिनिटं बोलणं झालं. आधारची झेरॉक्स, बारावीचं हॉल तिकीट, दोन फोटो आणि पासबुकाचं पहिलं पान दिलं की झालं. त्या पासबुकाच्या पानाने पुढे माझा अख्खा मे महिना खाल्ला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझी ड्यूटी कॉस्च्यूम काउंटरवर होती. लोक सुती टी-शर्ट घालून पाण्यात उतरायला बघतात, त्यांना नायलॉनचा कॉस्च्यूम भाड्याने द्यायचा, डिपॉझिट घ्यायचं, संध्याकाळी कपडा मोजून परत घ्यायचा आणि पैसे परत करायचे. सुती कपड्याचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात, हे पहिल्याच दिवशी नीट समजून घ्या. कारण सांगितलं की दहातली आठ माणसं ऐकतात, नुसतं ‘नियम आहे’ म्हटलं की भांडतात. काम मला आवडलं. रविवारी रांग दारापर्यंत जायची आणि रात्री हिशेब रुपयाला रुपया जुळला की फार बरं वाटायचं.

आता खात्याचं. हे खातं मी पाचवीत असताना शाळेने शिष्यवृत्तीसाठी उघडायला लावलं होतं. मी लहान, म्हणून पालक म्हणून बाबांचं नाव आणि बाबांची सही. फेब्रुवारीत मला अठरा पूर्ण झाली. अठरा पूर्ण झाली की असं मायनर, म्हणजे अल्पवयीन मुलाचं, खातं मेजर, म्हणजे सज्ञान माणसाचं, करून घ्यावं लागतं. त्यासाठी स्वतःच्या नावाने पुन्हा केवायसी (ओळखीची कागदपत्रं) आणि स्वतःच्या सहीचा नमुना द्यावा लागतो. तोवर त्यातून पैसे काढता येत नाहीत. हे मला शाळेने सांगितलं नाही, बँकेने कळवलं नाही आणि ठेकेदारानेही विचारलं नाही. पैसे जमा व्हायला मात्र काही अडचण नव्हती. एप्रिलचा पगार ७ मेला जमा झाला.

माझी सुट्टी बुधवारी असायची. शनिवार-रविवारी पार्कात कोणालाच सुट्टी मिळत नाही. ८ मेला बँकेत पासबुक भरून घेतलं, पगाराची ओळ छापून आली, आयुष्यातली पहिली. मी ती दोनदा वाचली आणि पैसे काढायची स्लिप भरली. काउंटरवरच्या माणसाने स्क्रीन बघून स्लिप परत सरकवली. “खातं मायनर आहे, पैसे निघणार नाहीत. पॅन कार्ड आणा, आधार आणा, वडिलांना घेऊन या.”

पॅन माझ्याकडे नव्हतं. ते आधारवरून ऑनलाइन फुकट आणि लगेच मिळतं, हे मैत्रिणीला माहीत होतं. घरी आल्यावर करायला घेतलं तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि तो नंबर बाबांचा जुना, केव्हाच बंद पडलेला. आधारमधला नंबर बदलायला तेव्हा मला केंद्रावर स्वतः जाऊन अंगठा द्यावा लागला. गुरुवारी बिनपगारी रजा टाकली, ५० रुपये भरले, पावती घेतली आणि वाट बघत बसले.

१५ मेला मी बाबांना घेऊन गेले. बाबा ड्रायव्हर आहेत, त्यांनी एक फेरी सोडली. मला वाटलं, निदान फॉर्म आणि सह्या तरी होतील, पॅन मागाहून देऊ. पण पॅनशिवाय फॉर्म हातातही घेतला नाही. मग आणखी एक गोष्ट निघाली: मी सही मराठीत केली होती. “सही इंग्लिशमध्ये करा, सिस्टिमला तीच लागते.” हे मला फार लागलं. सही मराठीत चालते, चालायलाच हवी. सिस्टिममध्ये सहीचा फोटो जातो, त्याला भाषा काय करायची? बाबा हळूच म्हणाले, “जाऊ दे बाळा, कर इंग्लिशमध्ये.” मी केली नाही. “साहेब सोमवारी येतील, सोमवारी या,” एवढं ऐकून आम्ही बाहेर पडलो. सोमवार म्हणजे २० मे. त्या दिवशी पालघरचं लोकसभेचं मतदान होतं, बँका बंद. हे घरी आल्यावर आईने सांगितलं. मी तोवर एका मुलीशी सुट्टीची अदलाबदल करूनही आले होते, ती वाया गेली.

त्या आठवड्यात माझा ट्रेनचा पास संपला. सफाळे-विरार पास आईने भाजीच्या पैशांतून काढून दिला. खात्यात महिन्याचा पगार पडलेला असताना आईकडे पैसे मागावे लागले, आणि दर बुधवारी घरी येऊन ‘आज पण नाही’ असं सांगताना मला फार वाईट वाटायचं.

नंबर रविवारी जोडला गेला. त्याच रात्री दहा मिनिटांत ई-पॅन मिळालं. मंगळवारी, २१ मेला, बारावीचा निकाल लागला, तो मी काउंटरमागे उभी राहून पाहिला. ७४ टक्के. बुधवारी बाबा आणि मी पुन्हा बँकेत. ई-पॅनचा कागद बघून तोच माणूस म्हणाला, “यावर सही नाही.” आधारवरून काढलेल्या ई-पॅनवर सही नसतेच, कारण आधारमध्ये सहीच नसते. मी हे सांगितलं. तो ऐकेना. माझा आवाज चढला, बाबांनी हात धरला.

तेवढ्यात आतल्या टेबलावरच्या मॅडम उठून आल्या. त्यांनी कागद चाळले, समोर बसवून सहीचे नमुने घेतले, मराठीतच, शेजारी बाबांची सही घेतली, फोटो चिकटवला. पंधरा मिनिटं. वर म्हणाल्या, “पॅनसाठी एवढ्या खेपा कशाला घातल्यास? पॅन नसेल तर फॉर्म ६० भरून चालतं. ८ तारखेलाच झालं असतं.”

मॅडमचे मी मनापासून आभार मानले. पण फॉर्म ६० ही दोन शब्दांची गोष्ट त्या काउंटरवरच्या माणसाने पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझी एक बिनपगारी रजा, बाबांची फेरी आणि आईचे पैसे वाचले असते. याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून सांगते: अठराचे झालात की नोकरी शोधायच्या आधी खातं मेजर करून घ्या. पॅन नसेल तर त्याऐवजी चालणारा फॉर्म नाव घेऊन मागा, २०२४ मध्ये तो फॉर्म ६० होता. काउंटरवर अडलं तर तिथेच वाद घालत बसू नका, सरळ आतल्या अधिकाऱ्याकडे जा. आधारचा नंबर आजच तपासा.

पैसे काढायला मात्र अजून थांबावं लागलं. गुरुवारी २३ तारखेला बुद्धपौर्णिमेची सुट्टी, शनिवारी चौथा शनिवार. मधल्या शुक्रवारी मी कामावरच्या सरांकडे अर्धी सुट्टी मागितली. त्यांनी कारण विचारलं आणि लगेच सोडलं. साडेतीनला बँकेत पोचले, पैसे निघाले. संध्याकाळी पासाचे पैसे आईच्या हातात ठेवले. तिने मोजलेही नाहीत, पदराला गाठ मारली.

बाकी राहिलेलं आठवेल तसं. दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहून पायाच्या बोटांत चिखल्या होतात. पावडर आणि सुके मोजे पहिल्या दिवसापासून बॅगेत ठेवा, दुखायला लागल्यावर नाही. मुलांची उंची मोजायच्या पट्टीवरून पालकांशी वाद झाला तर तुम्ही एकटे बोलू नका, लाइफगार्डला बोलवा. पगारातून पीएफचे १२ टक्के कापले तर यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, मागून लिहून घ्या. सीझन संपल्यावर ठेकेदार फोन उचलेलच असं नाही. मी नोकरी सोडल्यावर दोन महिन्यांनी माझा पीएफ काढला, तो नंबर होता म्हणूनच. सहा महिन्यांपेक्षा कमी नोकरी असेल तर त्यातली पेन्शनची रक्कम पूर्वी मिळत नसे, तो नियम जून २०२४ मध्ये बदलला, म्हणून तीही विचारून घ्या. आणि गणवेशासाठी ५०० रुपये डिपॉझिट घेतात, त्याची पावती आधारबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा. माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या मुलीची पावती भिजून गेली आणि शेवटच्या दिवशी ती संध्याकाळी सातपर्यंत ऑफिसच्या बाहेर बसून होती. मी तिच्यासोबत थांबले, आमची सव्वासातची बस गेली, पण तिचे पैसे मिळाले.