सावली पुसू नये म्हणून

शिलालेखांचे फोटो काढायचे हे माझं काम. वाचन आमच्या मॅडम करतात. त्या दिवशी माझा मोठा कॅमेरा दुरुस्तीला दिलेला होता, त्यामुळे फोन, छोटा ट्रायपॉड आणि विजेरी एवढंच घेऊन आम्ही उत्तर कोकणातल्या त्या गावात पोचलो.

देवळामागे गद्धेगाळाचा दगड उभा होता. वर चंद्रसूर्य, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याला दिलेली ती शिवी निरक्षरालाही कळावी अशी कोरलेली. मधला लेख मात्र पावसानं इतका झिजलेला की बोट फिरवलं तरच खाचा जाणवत. ओला कागद थापून शाईचा ठसा घ्यावा, तर दगडाचे पापुद्रे सुटत होते. ठशापायी दगड गमावणं मला पाप वाटतं.

खाच दिसते ती तिच्यात पडलेल्या सावलीमुळे. म्हणून अंधार पडेपर्यंत थांबलो. मग गावातल्या एका मुलानं विजेरी बाजूनं, दगडाला जवळपास घासून जाईल अशी धरली. डोळ्यांना रेघा दिसू लागल्या. फोटोत मात्र दगड गुळगुळीत!

तीन-चार फोटो वाया गेल्यावर कारण लक्षात आलं. ऑटो मोडला अंधार म्हणजे चूक वाटते. तो आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, चढवतो, अनेक फोटो एकत्र करून सावल्या उजळतो आणि रवाळपणा घालवताना बारीक ओरखडेही पुसून टाकतो. आम्हाला तर तीच सावली हवी होती.

सगळं हातानं ठरवता येतं तो प्रो मोड उघडला. आयएसओ १००, शटर एक सेकंद. रंगांची छटा ठरवणारा व्हाइट बॅलन्सही एकाच आकड्यावर ठेवला. अंधारात फोकस सारखा मागेपुढे पळत होता. तो मॅन्युअल केला आणि चंद्रकोरीची कड रेखीव होईपर्यंत पट्टी सरकवली. बोटाचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. फाइल रॉ, म्हणजे फोननं उजळपुसट न केलेली.

यानंतर फोन जागचा हलवला नाही, फिरवला तो फक्त उजेड. उजेड रेघेच्या दिशेनंच आला तर रेघ दिसत नाही, रेघेला आडवा आला तर दिसते. विजेरी डावीकडे होती तेव्हा नुसते काने उभे राहिले. वरून धरली तेव्हा शिरोरेषा उमटली. सेटिंग कुलूपबंद असल्यानं सगळे फोटो एकमेकांशी ताडता येत होते. मॅडमनी तिथंच ते पुढेमागे करून बघितले आणि हळूच वाचलं, "स्वस्ति श्री". माझ्या अंगावर काटा आला.

तिसऱ्या ओळीत "शकु" आणि पुढे १. दुसरा अंक दोन का एक, यावर आम्ही अर्धा तास घालवला. विजेरी उजवीकडून, खूप खाली धरल्यावर त्याची शेपटी दिसली. तोही १. शके अकराशे काहीतरी, म्हणजे इसवी सन ११७८ ते १२७७ मधलं कुठलंतरी साल. याच शंभर वर्षांत उत्तर कोकण शिलाहार राजांकडून यादवांकडे गेलं. हे दान कुणाच्या अमलात दिलं, ते उरलेल्या दोन अंकांवर ठरणार होतं, आणि तिथलाच पापुद्रा निघालेला.

त्या बोटभर जागेचे मी चाळीसेक फोटो काढले. मॅडम प्रत्येक फोटो मोठा करून बघत होत्या आणि मान हलवत होत्या. मुलगा विजेरीचे सेल बदलून आला.

"दादा, आता खालून धरू?"

मी टायमर दाबला.