लाकडातला खिलार

लाकडाचे तुकडे कापायचे, घासून गोलवायचे, जुळवायचे आणि रंग कुठेच लावायचा नाही, ही इंटार्सिया. म्हैसूरचं शिसवी जडावकाम पृष्ठभागाशी सपाट असतं. यात प्रत्येक तुकड्याची उंची वेगळी. मी करायला घेतला खिलार बैल, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत काढलेल्या फोटोवरून.

रेखाटन आधी अथणीच्या मामांना दाखवलं. त्यांच्या दावणीला कायम खिलारच. म्हणाले, "शिंगं मुळाशी जवळजवळ निघत्यात, मग मागं वळत्यात. तेवढं सांभाळ बघ."

बैल पांढरा, म्हणजे सगळी परीक्षा पांढऱ्या लाकडाची. एकाच फळीतून चेहरा काढला तर तो पोस्टरसारखा सपाट दिसतो. म्हणून कपाळाला शिवण झाडाचं लाकूड, गालाला सागाचा कडेचा फिका भाग, मानेच्या सावलीला आंबा, शिंगांना आणि डोळ्याला शिसव. फणस मुद्दाम टाळला; आज पिवळाधमक दिसतो, पण वर्षागणिक काळवंडत जातो.

खरा वेळ गेला शिरांची दिशा ठरवण्यात. कपाळावर शिरा उभ्या, गालावर नाकाकडे उतरत्या, शिंगात बाकाबरोबर वळलेल्या. नकाशाच्या प्रत्येक तुकड्यावर बाण काढला आणि तशी शीर सापडेपर्यंत फळी फिरवत बसलो. यात लाकूड भरपूर वाया जातं. जाऊ दे. केसांचा भास शिरांनीच होतो, पॉलिशने नाही.

आमच्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, म्हणून फळ्या घरात ठेवून दिवाळीनंतरच कापल्या. स्क्रोल सॉचं, म्हणजे बारीक पात्याच्या यंत्रकरवतीचं, टेबल पात्याशी बरोबर काटकोनात हवं, नाहीतर तुकडे वरून जुळतात आणि खाली फट राहते. बाकी कापणं सोपं.

नाकाखाली ६ मिमी प्लाय घालून ते उचललं, कान घासून पातळ केले. शेजारचे तुकडे डबल टेपने एका प्लायवर चिकटवून एकत्रच घासले की उतार सलग येतो. शिसवीची धूळ बाधते, मास्क हवाच. शिसवीत तेलही असतं. फेविकॉल लावण्याआधी थिनरने पुसून घेतली.

पॉलिशवाल्याने ऑइल पॉलिश सुचवलं. त्याने शिवण पिवळी पडली असती, म्हणून पाण्यातलं मॅट फिनिश दिलं.

मामांनी बैल निरखून पाहिला, शिंगांवरून हात फिरवला आणि विचारलं, "आदत हाय का चौसा?" म्हणजे दुधाचेच दात आहेत की चार पक्के दात आलेत; बैलाचं वय दातांवरून ओळखतात.

तोंड मिटलेलंच केलंय, मामा.