‘रोड खुला है?’ : आमच्या पेढीची वाटचाल

जुलै लागला की दिवाळीपर्यंत आमच्या घरात सकाळचा पहिला फोन शिमला जिल्ह्यात लागतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “रोड खुला है?” सफरचंदाचा माल किती निघाला, रंग कसा आलाय, दिल्लीच्या आझादपूर मंडीत काय भाव फुटला, हे सगळं त्यानंतर. पंचवीस वर्षांहून जास्त काळ मी हा प्रश्न विचारतोय.

आमची पेढी वाशीच्या फळबाजारात. उन्हाळाभर हापूस आणि पावसाळा लागला की सफरचंद. अण्णा, म्हणजे माझे वडील, जुन्नर तालुक्यातून मुंबईत आले ते हमाली करायला. क्रॉफर्ड मार्केटात पाट्या वाहिल्या, मग एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी झाले, मग हळूहळू स्वतःचं खातं सुरू केलं. १९९६ साली फळबाजार वाशीला हलला तेव्हा आम्हाला गाळा मिळाला. त्या काळात आमचं सफरचंद दिल्लीच्या आझादपूर मंडीतून यायचं. वरच्या थरात लालबुंद, टपोरी फळं आणि तळाला बारकी, मुका मार लागलेली. गिऱ्हाईक आमच्याशी भांडायचं, आम्ही दिल्लीशी. माल ज्या डोंगरात पिकतो तो डोंगर आमच्यापैकी कोणी पाहिलाच नव्हता. हिमाचल म्हणजे पेटीवरचा शिक्का, एवढंच.

१९९९च्या ऑगस्टमध्ये मी अण्णांना म्हटलं, एकदा वर जाऊन येतो. कालकाहून बसनं शिमला, तिथून ठियोग, कोटखाई. पुढे सडक संपली. ज्या बागवानाकडे जायचं होतं त्याचं गाव खड्डाच्या पलीकडे होतं. (तिकडे डोंगरातल्या ओढ्याला खड्ड म्हणतात.) दोन तास उतरलो, चढलो. छातीचा भाता झाला होता. बागेत पोचलो तर मालक म्हणाला, “लालाजी, आपण चालत आलात, माल उडत जातो.” आणि त्यानं मला ती तार दाखवली.

स्पॅन म्हणतात तिकडे. एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत ताणलेली जाड लोखंडी तार, तिच्यावर कप्पी, कप्पीला टांगलेला लाकडी पाळणा आणि ओढायला डिझेलचं इंजिन. पाळण्यात पेट्या रचल्या, काथ्यानं आवळल्या आणि एका म्हाताऱ्यानं दगड उचलून तारेवर तीन ठोके दिले. पलीकडच्या माणसानं तारेला हात लावून ठेवला होता. तारेतून आलेली थरथर हाताला लागली की तो इंजिन सुरू करायचा. धुकं इतकं होतं की पाळणा दहा-वीस हातांवर गेला आणि दिसेनासा झाला. मी कितीतरी वेळ त्या पांढऱ्यात बघत उभा होतो. थोड्या वेळानं पलीकडून दोन ठोके आले, म्हणजे माल पोचला.

रात्री कंदिलाशी बसून त्या बागवानाबरोबर मी हिशेब मांडला. तोडणी, नेपाळी मजुरांची पाठीवरची वाहतूक, तारेचं भाडं. बागेपासून सडकेपर्यंतचा एका पेटीचा खर्च आणि सडकेपासून दिल्लीपर्यंतचा खर्च जवळपास सारखाच निघाला. एकीकडे दोन-तीन किलोमीटर, दुसरीकडे साडेतीनशेच्या वर. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. आमच्या धंद्याचा खरा धडा मला त्या रात्री मिळाला.

हिमाचलचा इतिहास मी नंतर वाचला आणि त्यातही हाच धागा दिसला. अमेरिकेहून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी, जे पुढे सत्यानंद स्टोक्स झाले, १९१६ साली कोटगढजवळ ठाणेधारला रेड डेलिशस सफरचंदाची झाडं लावली. झाडं तिथं रुजली ती हवामानामुळे हे खरं, पण फळ विकलं गेलं कारण १८५० साली काढायला घेतलेला हिंदुस्थान-तिबेट रस्ता त्याच डोंगरावरून जात होता. शेजारच्या खोऱ्यांतही हवा तीच होती. तिथं सफरचंदाचा पैसा पोचायला पुढची कित्येक दशकं लागली. १९४८ साली हिमाचल स्थापन झालं तेव्हा अख्ख्या प्रदेशात मोटार चालेल असा रस्ता होता २८८ किलोमीटर. पहिले मुख्यमंत्री यशवंतसिंह परमार यांनी आधी रस्ते, मग बाकीचं, असा हट्ट धरला. आज तो आकडा ४० हजार किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्याकडे रस्त्याची बातमी आली की टोलवर बोलणं संपतं. तिकडे सडक आली की घरात पोरीचं कॉलेज येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आमच्या त्या गावाला प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतून रस्ता मिळाला. आधी खडीचा, मग डांबरी. पिकअप थेट बागेच्या फाटकाशी जायला लागली आणि आमच्या वहीत फरक पडला तो मालाच्या प्रतीत. वाचणाऱ्याला वाटेल रस्त्याचा आणि रंगाचा काय संबंध? संबंध असा, की पूर्वी तार आणि मजूर ठरलेल्या दिवशीच मिळायचे, म्हणून अख्खी बाग एकदम तोडावी लागे, कच्चं-पक्कं सगळं. रस्ता आल्यावर बागवान दोन-तीन वेळा तोडणी करू लागला. ज्या फांदीवर रंग चढलाय तेवढीच फळं काढायची, बाकीची आठवडाभर ठेवायची. शिवाय पाठीवरून, तारेवरून आणि पुन्हा गाडीत अशी तीनदा होणारी आदळआपट एकदाच व्हायला लागली. वाशीत आमच्या पेटीला चार पैसे जास्त मिळू लागले ते तेव्हापासून. मग आम्ही आझादपूरचा टप्पा सोडला आणि थेट खरेदी सुरू केली. तिकडे बाहेरच्या बाजारासाठी माल भरणाऱ्याला ‘लदानी’ म्हणतात. जुन्नरच्या शेतकऱ्याचा नातू लदानी झाला याचं अण्णांना फार अप्रूप होतं.

मोबाइल टॉवर आले तेही सांगायला हवं. सकाळी आठला बागवानाला दिल्ली, चंदीगड, वाशी तिन्हींचा भाव कळू लागला. आमच्या काही भाऊबंदांना ते रुचलं नाही. माझ्या मते त्यामुळेच आमचं नातं टिकलं. भाव दोघांनाही ठाऊक असला की बोलणं मालावर होतं.

पेटीचीही एक गोष्ट आहे. जुनी पेटी लाकडी, फर आणि स्प्रूस कापून केलेली. म्हणजे सफरचंदासाठी जंगल जायचं. मग पुठ्ठ्याचा खोका आला, पण तो टेलिस्कोपिक. वरचं झाकण उचलत गेलं की आत थर वाढतो. पेटीवर भाव आणि पेटीत वजन कितीही, तीस किलोच्याही वर. बागवानाचं फळ फुकट जायचं आणि आमच्या बाजारातल्या माथाडींच्या मणक्यावर बोजा पडायचा. अण्णांनी स्वतः पाठीवर ओझी वाहिली होती, त्यामुळे हा खोका त्यांना कधीच पसंत नव्हता. २०२४च्या हंगामापासून हिमाचलनं युनिव्हर्सल कार्टन सक्तीचा केला, साधारण २० किलोचा. खोका ताणता येत नाही. वाशीत पहिले काही दिवस कुरकुर झाली, आता सगळे त्याच मापात बोलतात. अण्णा हे पाहायला नव्हते.

आता २०२३बद्दल. जुलैत कुल्लू-मनालीकडचे रस्ते व्यास नदीनं नेले. ऑगस्ट उजाडताच कालका-शिमला महामार्गावर, परवाणूच्या वर चक्की मोडला चौपदरी रस्त्याचा तुकडाच दरीत गेला आणि आठवडाभर तो बंद राहिला. आमच्या दोन गाड्या सोलनजवळ अडकल्या. त्या वर्षी गणपतीपूर्वीची मागणी जोरात होती. एक गाडी ड्रायव्हरनं कुमारहट्टी-नाहनच्या वाटेनं वळवली. ती वाट अरुंद आणि तिच्यावर सगळ्यांचीच गर्दी. चार दिवसांत येणारा माल आठव्या दिवशी वाशीत उतरला. ताडपत्री काढली तेव्हाच वास आला, आंबूस, दारूसारखा. तळाच्या पेट्या ओल्या होऊन बसल्या होत्या. हात घातला तर पुठ्ठा लगद्यासारखा हातात आला आणि आतलं फळ बोटानं दबलं. त्या एका गाडीत चार लाखांना खार लागला. हिशेब आमच्या सौं.कडे असतो. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “बागवानांच्या पैशाला हात लावायचा नाही. त्यांनी माल चांगला दिला होता.” आम्ही पूर्ण रक्कम पाठवली.

मी चौपदरी रस्त्याच्या विरोधात नाही. गाडीचे वाचलेले तास म्हणजे फळाचं वाचलेलं आयुष्य, हे मला कोणी शिकवायला नको. पण जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता डोंगराच्या कलानं वळत जातो आणि नव्या रस्त्यासाठी डोंगर उभा कापला गेला. हिमालय कोवळा, ठिसूळ. पायथा कापला की वरची माती पाणी पिऊन खाली येतेच. तिकडे आधाराच्या दगडी भिंतीला ‘डंगा’ म्हणतात. गावातला कुठलाही मिस्त्री सांगेल, डंगा आधी, त्याच्या पोटातून पाणी जायला भोकं आधी, सडक नंतर. मोऱ्या आणि गटारांच्या कामाचं उद्घाटन कोणी करत नाही, पण माझा माल त्यांच्यावर चालतो. ऑगस्टमध्ये उघडा राहणारा दुपदरी रस्ता मला जूनपुरत्या चौपदरीपेक्षा मोलाचा वाटतो, आणि शिमल्यात जिथं कुठं व्यापाऱ्यांना बोलावतात तिथं मी हेच बोलतो.

त्या तोट्यानंतर आम्ही पद्धत बदलली. चांगला रॉयल जातीचा माल आता सगळाच लगेच भरत नाही. काही माल तिथंच सी.ए. स्टोअरमध्ये, म्हणजे आतली हवा नियंत्रित केलेल्या शीतगृहात, ठेवतो. शून्य अंशाच्या आसपास तापमान, प्राणवायू अगदी दोन-तीन टक्क्यांवर आणलेला. फळ जणू झोपी जातं. गुम्मा, जरोल-टिक्करसारख्या ठिकाणी अशी कोठारं आहेत, खासगीही झालीत. माल वर सुरक्षित असला की दरड कोसळली तरी जीव टांगणीला लागत नाही आणि फेब्रुवारीतही आमच्या गाळ्यावर हिमाचलचं फळ असतं. मुलगी आता हंगामभर कोटखाईलाच राहून प्रतवारी बघते. लार्ज, मीडियम, स्मॉल आणि अगदी बारकं ते ‘पित्तू’, ती नजरेनं वेगळं करते. मला अजून हातात घ्यावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. रस्ता आल्यावर गावानं ती तार काढली नव्हती. २०२३च्या त्या पावसात गावचा जोडरस्ताही तीन ठिकाणी तुटला, पिकअप बंद. मुलीचा फोन आला, “बाबा, तारेवर माल घालू का? मंडळी तयार आहेत.” गंजलेल्या कप्पीला ग्रीस लावून, पाळण्याच्या फळ्या बदलून दोन दिवसांत ३४० क्रेट पलीकडे गेले. दगडाचे ठोके देणारा म्हातारा आता हयात नाही. ठोके त्याच्या नातवानं दिले, खिशात मोबाइल असूनही, कारण खड्डात रेंज नसते.

यंदा त्या तारेला नवा दोर घातलाय. निम्मा खर्च गावाचा, निम्मा पेढीचा. जुलैत टायडमन, हंगामातलं लवकर येणारं सफरचंद, निघेल.