करारनामे आणि गुराबा

मी लेखकांचा प्रतिनिधी म्हणून काम करतो, असे सांगितले की हा व्यवसाय म्हणजे काय हे समजावून द्यावे लागते. आणि आरमाराचा इतिहास लिहितो असे म्हटले की कोल्हापुरात हमखास विचारले जाते, ‘गलबतं काय रंकाळ्यात सोडणार?’ पहिली शंका रास्त आहे. मराठीत लेखक हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो आणि मधल्या माणसाला दलाल म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला मात्र उत्तर आहे. मालवणचा सिंधुदुर्ग करवीर म्हणजे कोल्हापूरच्या राज्याकडे होता. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी तो घेऊन त्याचे ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही ठेवले, पुढे तो परत मिळाला आणि १८१२ च्या तहाने कायमचा गेला. समुद्र घाटाखाली असला तरी त्याचा कारभार पंचगंगेकाठच्या गादीशी जोडलेला होता.

व्यवसायात मी शिरलो तो स्वतःच्या चुकीमुळे. माझे पहिले पुस्तक छापून आल्याच्या आनंदात मी एका प्रकाशकाच्या दीड पानी करारनाम्यावर न वाचताच सही केली. प्रती संपल्यावर दुसरी आवृत्ती निघेना आणि ‘सर्व हक्क आमच्याकडे’ एवढेच उत्तर मिळे. पुढे १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला, तेव्हा कळले की हक्क किती काळासाठी दिले हे करारात लिहिलेले नसेल तर ती मुदत पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. माझ्या करारात मुदतीची ओळच नव्हती. पाच वर्षे तर केव्हाच उलटली होती! तेव्हापासून मित्रांचे करार वाचू लागलो आणि हळूहळू त्याचाच धंदा झाला. आजही नवा करारनामा आला की त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे, ते मी आधी शोधतो.

हीच सवय आरमाराच्या कागदांत उपयोगी पडते. आंग्र्यांच्या लढायांची वर्णने शौर्याने भरलेली असतात, पण जहाज हलले कसे, हे त्यांत क्वचितच सापडते. गुराब हे मोठे, दोन-तीन डोलकाठ्यांचे जहाज. त्याची नाळ, म्हणजे पुढचे निमुळते टोक, लांब, पुढे आलेली आणि बुटकी, त्यामुळे पुढच्या तोफा तिच्यावरून सरळ समोर मारा करू शकत. गलबत लहान, शिडाबरोबर वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की इंग्रजांचे उंच जहाज जागच्या जागी खिळून राही. अशा वेळी गलबते वल्हवत गुराबांना दोरांनी ओढून शत्रूच्या पिछाडीला आणीत, जिथे त्याच्या तोफा फारशा लागू पडत नसत, आणि मारा पहिल्यांदा डोलकाठ्या-शिडांवर होई. ज्या वल्हेकऱ्यांच्या दंडांवर ही सगळी युक्ती उभी होती, त्यांची नावे मात्र क्वचितच कुठे आढळतात. माझ्या नव्या पुस्तकाचे सर्वांत लांब प्रकरण त्यांच्यावर आहे आणि तेच सर्वांत अपुरेही आहे.

सकाळी दुसऱ्यांचे करार आणि रात्री मोडी कागद, असा माझा दिवस जातो. या पुस्तकाचा करारनामा गेल्या आठवड्यात आला. स्वतःचा प्रतिनिधी स्वतः होणे अवघड असते, हे ठाऊक असल्याने तो मी एका वकील मैत्रिणीकडे वाचायला दिला. तिने दुसऱ्याच दिवशी फोन करून सांगितले, ‘मुदतीची ओळ परत राहिली आहे.’